दोघांच्या मधे दिलीप

दिल्या,

तुला पोचवून परत निघालो तेव्हा सगळे थोडा वेळ गोदावरीच्या पायऱ्यांवर टेकले होते. तुझ्या कारखान्यातले लोक, गल्लीतले, आपल्या वर्गातली चार-पाच डोकी. जो तो तेच म्हणत होता, "दिलीप म्हणजे अगदी सरळ माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." मी मान हलवत होतो. खरं तर ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, हा माणूस जन्मभर मध्यातच उभा होता. दुसरीकडे कुठे उभं राहायला त्याला जागाच नव्हती.

ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तूच म्हणाला असतास, "जाऊ दे रे सुऱ्या, चांगलंच बोलतायत." तुझ्याशी भांडायचं इतकं राहिलंय की कुठून सुरुवात करू कळत नाही. तू समोर असतानाही तुझ्याशी नीट भांडता यायचं नाही. मी आवाज चढवला की तू माझ्याच बाजूने बोलायला लागायचास.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आलो ते सहावीत असताना. पंचवटीतल्या तुमच्या त्या दोन खोल्या. तुला खेळायला बोलवायला आलो होतो. तुझे बाबा कॉटवर पेपर वाचत होते, आई स्टोपाशी. दोघांमध्ये हात लांब केला तर लागेल एवढंच अंतर. आई म्हणाली, "दिलीप, त्यांना म्हणावं, चहा झालाय." तू वळून म्हणालास, "बाबा, चहा झालाय." बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले, "म्हणावं, ठेव इथे." तू परत वळलास, "आई, तिथे ठेव." मला वाटलं, काहीतरी खेळ चाललाय. मी हसलो. कोणीच हसलं नाही. बाहेर आल्यावर तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "चल ना, उशीर झाला." आपण खेळायला पळालो.

पुढे मी रोजच येऊ लागलो आणि मला एक गोष्ट कळली, जी बहुतेक तुझ्या आईबाबांनाही माहीत नव्हती. तू निरोप जसाच्या तसा कधी पोचवायचाच नाहीस. एकदा आई फणकाऱ्याने म्हणाली, "त्यांना सांग, डब्यात पीठ नाय. दिसत नाय का डोळ्यांनी?" तू म्हणालास, "बाबा, आई विचारते, येताना दळण आणाल का?" बाबा म्हणाले, "तिला म्हणावं, मी हमाल आहे का?" तू वळून म्हणालास, "बाबांना आज काम आहे, ते उद्या आणतील." आणि मग तूच गव्हाचा डबा उचललास आणि गिरणीवर निघालास. मी बरोबर आलो. वाटेत म्हणालो, "अरे, तू खोटं सांगितलंस." तू डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलास. म्हणालास, "खोटं नाही. मधलं सांगितलं."

आपण तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होतो, दिल्या. त्या वयाच्या मुलाला मधलं काय असतं हे कशाला कळायला हवं?

शाळेत आम्हाला तू फक्त चांगला वाटायचास. सुधाकरचं आणि माझं वाकडं आलं तेव्हा आम्ही दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हतो. कॅच सुटला की सोडला, यावरून काहीतरी झालं होतं. एका मधल्या सुट्टीत तू मला सांगितलंस, "सुधाकर म्हणतोय, त्याची चूक झाली." मी विरघळलो. तिकडे जाऊन तू त्यालाही सांगितलंस की सुऱ्या म्हणतोय, त्याची चूक झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही एका डब्यात जेवलो. खरं काय ते कळलं तेव्हा पुष्कळ दिवस गेले होते, आणि आमची दोस्ती इतकी घट्ट झाली होती की चिडण्यात अर्थ नव्हता. वर्गात कुणाचंही कुणाशी बिनसलं की पोरं म्हणायची, दिल्याला धाडा. तू जायचास. दोन्ही बाजूंचं ऐकायचास. तुला स्वतःला कोणत्या टीममधून खेळायचंय हे कोणी विचारलं की म्हणायचास, "जिकडे कमी असतील तिकडे."

आपण सगळेच घर दप्तरात घालून शाळेत आणतो, हे मला फार उशिरा समजलं. सुधाकरला त्याचा थोरला भाऊ पट्ट्याने झोडायचा, आणि सुधाकर वर्गातल्या बारक्या पोरांना चिमटे काढायचा. आमच्या घरी आम्ही तीन भाऊ. वडील एसटीत ड्रायव्हर, आई तोंडाची फटकळ. घरात दिवसातून चारदा भांडण आणि चारदा समेट, त्यामुळे मी शाळेतही कुणाशीही भिडायचो. तुझं मात्र वेगळंच होतं. तुला कोणी मारलं नव्हतं, कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. तुझ्या घरी आवाजसुद्धा चढत नव्हता. मग तुला झालं काय होतं, हे कोण सांगणार आणि कुणाला?

एका रविवारी तू आमच्याकडे जेवायला होतास. वडील आमटीत मीठ जास्त झालं म्हणाले, आईने वाटीच आपटली, "उद्यापासून डेपोतच जेवत जा." वडीलही पेटले. आम्ही भाऊ निवांत भात कालवत होतो. तू मात्र पांढराफटक पडलास. खरकट्या हाताने उठलास आणि दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलास. "काकू, काकांना तसं म्हणायचं नव्हतं. काका, काकूंना सकाळपासून डोकं दुखतंय." आईच्या डोक्याला काहीही झालं नव्हतं. ती आधी बघतच राहिली आणि मग खदखदून हसली. "अरे बस बाळा, जेव. हे आमचं रोजचंच आहे." वडीलही हसले. जेवणानंतर तेच आईला म्हणाले, "ऊठ जरा, पाय मोकळे करून येऊ," आणि ती दोघं निघून गेली.

तुला सोडायला मी पुलापर्यंत आलो. तू विचारलंस, "उद्या बोलतील का ते?"

"कोण?"

"काका-काकू."

"अरे, आत्ताच बोलतायत की."

"आत्ता नाही रे. उद्या?"

त्या दिवशी घाटावर बसून तू पहिल्यांदा सांगितलंस. तू पाच वर्षांचा होतास. सिन्नरहून निरोप आला होता, आईचे वडील अत्यवस्थ आहेत. आई म्हणाली, आत्ता निघते. बाबा म्हणाले, उद्या माझी सुट्टी आहे, सगळे मिळून जाऊ. सिन्नर काय, एसटीने तासाभराचा रस्ता. पण बाबांनी जाऊ दिलं नाही, आणि सकाळी दुसरा निरोप आला. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलली नाही. बाबांनी दोन-चार महिने वाट पाहिली आणि मग त्यांनीही सोडून दिलं. स्वयंपाक होत होता, पगार घरात येत होता, सणवार होत होते. सगळं तुझ्यामार्फत. मी म्हणालो, "मग चूक बाबांची." तू लगेच म्हणालास, "त्यांना काय माहीत होतं, असं होईल म्हणून?" मी म्हणालो, "बरं, मग आईने आता सोडून द्यावं." तू म्हणालास, "तिचे वडील होते रे." माझ्या तोंडून कोणतंही वाक्य निघालं की तू पलीकडे जाऊन उभा राहायचास.

आठवीतली ती बरणी आठवते? प्रयोगशाळेत सुधाकर आणि मी ढकलाढकली करत होतो, बरणी पडली आणि फुटली. कुणाच्या धक्क्याने पडली हे मला खरोखर आजही माहीत नाही. जवळ तू एकटाच होतास. देवरे सरांनी तुला विचारलं, "कोणी फोडली?" तू म्हणालास, "सर, दोघंही तिथे होते." "ते दिसतंय मला. फोडली कोणी?" तू गप्प. सरांना वाटलं, तू लपवतोयस. छडी तुला बसली. आम्ही दोघं "सर, आम्हीच, आम्हीच" म्हणत राहिलो, पण ते तापले होते. "उद्या आईवडिलांना घेऊन ये."

दुसऱ्या मुलाने एकालाच आणलं असतं. तू दोघांनाही सांगितलंस, कारण एकाला आधी सांगितलं असतं तर दुसऱ्याला ते लागलं असतं. बाबा कारखान्यातून परस्पर सायकलवर आले, खाकी कपड्यांत. आई चालत आली. शिक्षकांच्या खोलीत दोन खुर्च्या, मधे तू. मी आणि सुधाकर दाराशी उभे. सरांनी साधंच विचारलं, "घरी कसा असतो हा?"

बाबा तुला म्हणाले, "आईला विचार. दिवसभर घरी तीच असते."

आई म्हणाली, "त्यांना सांग, माझं पोरगं घरी लय गुणाचं हाय. शाळेत काय झालं ते शाळेला विचारा म्हणावं."

आणि तू सरांसमोर, आमच्यासमोर, एकदा इकडे मान वळवून आणि एकदा तिकडे, ते सगळं पोचवलंस. नेहमीसारखं मऊ करून. "बाबा, आई म्हणते, मी घरी नीट असतो." देवरे सरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा आईकडे. म्हणाले, "दिलीप, तू वर्गात जा." संध्याकाळी त्यांनी तुला थांबवून घेतलं. मी बाहेर होतो, मला ऐकू आलं. ते एवढंच म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे." त्यानंतर त्यांनी तुला कधी हात लावला नाही. पण त्यापुढे तेही काय करणार होते? शाळा सुटली की तुला घरीच जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुधाकर शेजारच्या मुलाकडे पाठ करून म्हणाला, "दिल्या, याला सांग, डबा उघड म्हणावं." पोरं खो-खो हसली. मला वाटलं, तू रडशील. तू चेहरा गंभीर करून वळलास आणि बायकी आवाजात म्हणालास, "अहो, डबा उघडा म्हणतायत." पोरं लोळायची बाकी राहिली. सुट्टी संपेपर्यंत तू त्यांना दोन्ही आवाज काढून दाखवलेस. माझ्याच्याने बघवेना. मी सुधाकरच्या थोबाडीत ठेवून दिली. आम्ही मातीत लोळलो आणि आम्हाला सोडवलं कोणी, तर तू. मी ओरडलो, "ते तुझ्या आईबापांवर हसतायत!" तू माझ्या शर्टाची माती झटकलीस. हळूच म्हणालास, "हसू दे. हसतायत तोवर बरं असतं."



तू मोठा झालास तरी तेच. सातपूरला कारखान्यात टाइमकीपर लागलास. साहेब म्हणायचे दिलीपला विचारा, युनियनवाले म्हणायचे दिलीपला विचारा. संप मिटल्यावर साहेबांना वाटलं तू युनियनचा, युनियनला वाटलं तू साहेबांचा. मी चिडून म्हणालो, "एकदा तरी सांग ना लेका, तू कुणाचा!" तू हसलास.

फक्त एकदा तुला काहीतरी हवं होतं. शैला. तुमच्याच ऑफिसात टायपिस्ट होती, देवळालीहून यायची. तुम्ही दोघं सीबीएस स्टँडवर एकाच बसची वाट बघायचात, आणि शैला आली नाही तर तू ती बस सोडून द्यायचास. तुझा चेहरा त्या वर्षभरात वेगळाच दिसायचा. तुला मतं फुटायला लागली होती. हा शर्ट नको, तो हवा, असं तू दुकानात म्हणालास तेव्हा मी दुकानदारासमोर टाळी वाजवली होती. मी मागे लागलो, "घरी सांग."

"कुणाला आधी सांगू?"

"कुणालाही सांग! काय फरक पडतो?"

"आईला आधी सांगितलं तर बाबा म्हणतील, ठरवूनच आलात. बाबांना आधी सांगितलं तर आई तिचं तोंडही बघायची नाही."

"मग दोघांना एकदम सांग. समोर बसवून. नाही म्हणणार नाहीत ते."

"तुला नाही कळायचं, सुऱ्या. त्यांना एकदम काही सांगता येत नाही."

"तू सांगून तर बघ!"

घाटावर बसून हे भांडण आपण किती वेळा केलं. तू विषय बदलायचास, मी परत आणायचो. शैलाने वाट पाहिली. मग तिच्या घरच्यांनी मनमाडला रेल्वेतला मुलगा पाहिला. तिच्या लग्नात तू पंगतीत वाढत होतास. मी तुझ्या हातातलं जिलबीचं ताट घेऊ लागलो तर म्हणालास, "राहू दे, त्यांच्याकडे वाढायला माणसं कमी आहेत."

आणि मग ही कावीळ. डोळे पिवळे झालेले मीच पहिल्यांदा पाहिले. बाबांनी तुला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणल्या, तेलतूप बंद म्हणून सांगितलं. आईने सिन्नरहून झाडपाल्याचं औषध आणलं आणि तिची अट, इंग्रजी गोळी पोटात गेली तर हे लागू पडणार नाही. तू सकाळी आईसमोर काढा प्यायचास आणि संध्याकाळी बाबांसमोर गोळी घ्यायचास. मी तुझ्यापुढे हात जोडले. "दिल्या, एकाचं ऐक. कुणाचंही, पण एकाचं." उशीवरून मान वळवून तू मलाच विचारलंस, "कुणाचं?" मी म्हणालो, "डॉक्टरांचं." तू म्हणालास, "म्हणजे बाबांचं."

दवाखान्यात हलवलं तोवर तू बरळायला लागला होतास. मी डॉक्टरांना विचारलं, लवकर आणला असता तर? दोन्ही औषधं घेतली नसती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, काही पेशंट सगळं नीट करूनही जातात. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं की वाईट, तेही कळलं नाही.

शेवटच्या दुपारी तुझ्या एका बाजूला आई, एका बाजूला बाबा. मी पायथ्याशी. तुला शुद्ध नव्हती. बाबा तुझ्याकडे बघून म्हणाले, "आईला म्हणावं, सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही, काहीतरी खाऊन ये." तू पडून होतास. शब्द तुझ्या अंगावरच पडून राहिले. मी सांगायला तोंड उघडलं, पण मला ते जमेना. मग आईने चादरीखाली हात घातला आणि तिचा चेहरा बदलला. ती सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अहो, याचे पाय गार पडलेत."

बाबा दचकले. "हो का," म्हणाले. खुर्ची सरकवून पायथ्याशी आले. एक पाय त्यांनी घेतला, एक तिने, आणि दोघंही चोळू लागले. "जोरात नको, दुखंल त्याला," ती म्हणाली. "नाही, हळूच चोळतोय," ते म्हणाले. इतकी साधी वाक्यं. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. ऐक ना रे, दिल्या. ऐक. तुला ऐकू गेलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

काल तुमच्या घरी गेलो होतो. ती दोघं आता बोलतात. जेवढ्यास तेवढं बोलतात, पण बोलतात. बाबांनी विचारलं, "पंखा लावू का?" आई म्हणाली, "लावा." मी समोर बसून ऐकत होतो आणि मला त्या दोघांचा इतका राग आला की तसंच उठून निघावंसं वाटलं. लगेच त्यांचे चेहरे पाहिले आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना. तू मला एवढं शिकवून गेलास बघ, आता मलाही कुणा एकाच्या विरुद्ध होता येत नाही. तुझे उपकार म्हणू की काय म्हणू याला?

आईने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "सुरेश, खरं सांग. त्याच्या मनात कुणी होतं का रे? इतकी स्थळं आली, कधी हो म्हणाला नाय, नाय म्हणाला नाय."

बाबाही माझ्याकडे बघत होते. दोघं समोर होते, एकदम. मी सांगितलं. शैलाचं नाव, देवळाली, बस, सगळं. ती दुसऱ्या जातीची होती तेही सांगितलं. कुणाला आधी सांगू म्हणून तू सांगितलं नाहीस, हेही सांगितलं. लपवून आता कुणाचं भलं होणार होतं?

मग बाबा म्हणाले, "आम्ही नाही म्हटलं नसतं."

आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "नसतंच म्हटलं."

बाबा माझ्याकडे वळले. "त्याला तसं वाटत होतं का, की आम्ही नाही म्हणू?"

मी म्हणालो, "मी त्याला सांगत होतो, की तुम्ही नाही म्हणणार नाही."

"मग?"

"तो म्हणायचा, तुला नाही कळायचं."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. तू असतास तर त्यांना सोसेल असं काहीतरी बोलला असतास. आपल्या त्या भांडणात तुझं बरोबर होतं की माझं, ते आता ठरवायला कोणी उरलं नाही. माझं बरोबर असेल तर तू उगाचच गप्प राहिलास. तुझं बरोबर असेल तर ती दोघं आता स्वतःचीच समजूत घालतायत. मी चहा प्यायलो, पायात चपला घातल्या. आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "येत जा रे." मी हो म्हणालो.